आई-वडिलांचा शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांत मिळून चालणारा) व्हिजिटर व्हिसा: फाइल कशी लावायची?

शिदोरी
निवृत्त आई-वडील (वय ६४ आणि ६८), मुलगी जर्मनीत नोकरीला. १० मे ते २३ जून, एकूण ४५ दिवस. त्यातले ३३ दिवस मुलीकडे, ६ पॅरिसला, ६ अ‍ॅमस्टरडॅमला. वडिलांना पेन्शन आहे, आई गृहिणी. दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास.

शंका अशा:
१. विमान आधी अ‍ॅमस्टरडॅमला उतरतं. तरी अर्ज जर्मनीकडेच करायचा ना?
२. खर्च मुलीने केला असं दाखवावं की वडिलांनी?
३. खात्यात शिल्लक किती हवी?
४. तिकीट व्हिसाआधी काढायचं का?

चेकलिस्ट वाचून झाली आहे. कोणते कागद लावायचे ते तिच्यात आहे, पण अधिकारी त्या कागदात नेमकं काय बघतो ते कळत नाही. जाणकारांनी सांगावं.

गवाक्ष
पहिल्या शंकेचं उत्तर सोपं आहे. जिथे जास्त दिवस मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. विमान कुठे उतरतं याला महत्त्व फक्त दोन देशांचे दिवस सारखे असतील तेव्हा. मग पहिला प्रवेश जिथे, तो देश. तुमचे ३३ दिवस जर्मनीत आहेत, त्यामुळे प्रश्नच नाही.

वेळेचं गणित: प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस. म्हणजे १० मेसाठी १० नोव्हेंबरपासून अर्ज चालतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण जास्त चौकशी लागली तर ४५ दिवसांपर्यंत नेता येतात. मे-जून म्हणजे सगळ्यांच्या सुट्ट्या, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट धरा.

पासपोर्ट हातात घेऊन तीन गोष्टी तपासा. परतीच्या तारखेनंतर निदान ३ महिने वैध हवा, गेल्या १० वर्षांत काढलेला हवा आणि दोन पानं पूर्ण कोरी हवीत. फी मोठ्या माणसाला ९० युरो, ६ ते ११ वयाच्या मुलांना ४५. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. नकार आला तरी फी परत मिळत नाही.

काजवा
जर्मनीची अपॉइंटमेंट मिळाली नाही तर दुसऱ्या देशाकडून व्हिसा काढून जर्मनीला जाता येतं का? शेंगेन तर सगळं एकच.

गवाक्ष
@काजवा, फिरायला एकच, अर्जाला नाही. दुसऱ्या देशाचे दिवस कागदावर फुगवून व्हिसा घेतला आणि सगळा मुक्काम जर्मनीत केला, तर सीमेवर पहिल्याच दोन प्रश्नांत ते उघडं पडतं. व्हिसा खोट्या माहितीवर घेतला म्हणून रद्द करायचा अधिकार त्यांना आहे. ज्येष्ठांना त्या प्रसंगात ढकलू नये. अपॉइंटमेंट नसेल तर प्रवासाची तारीख पुढे न्या.

उंबरठा
शिल्लक किती, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात चुकीचा समजला जाणारा प्रश्न. अधिकारी नुसता शेवटचा आकडा बघत नाही, पैसा आला कुठून ते बघतो.

एक बँकेचा उतारा डोळ्यासमोर आणा. दर महिन्याच्या १ तारखेला पेन्शनचे ४२ हजार जमा. मग वीजबिल, औषधं, किराणा. महिनाअखेर शिल्लक ६० ते ७० हजारांच्या घरात. असं तीन महिने चाललंय आणि अर्जाच्या १२ दिवस आधी एकदम ५ लाख जमा, पाठवणाऱ्याचं नाव अनोळखी. वाचणाऱ्याला वाटणार की हे पैसे दाखवण्यापुरते आणलेत, व्हिसा झाला की परत जाणार. आता तेच ५ लाख एफडी मोडून आले असतील तर एफडी बंद केल्याची पावती त्याच नोंदीला जोडा आणि कव्हर लेटरमध्ये एक ओळ लिहा: 'अमुक तारखेची जमा ही स्वतःच्या मुदत ठेवीची रक्कम आहे.' शंका तिथेच मिटते.

उतारा शेवटच्या ३ महिन्यांचा, काही देश ६ महिन्यांचा मागतात. बँकेचा शिक्का आणि सही प्रत्येक पानावर घ्या. अ‍ॅपमधून छापलेला कागद बिनशिक्क्याचा देऊ नका. एफडीच्या पावत्या जोडाव्यात, पण त्या आधाराला. रोजच्या खर्चाचा पैसा बचत खात्यात दिसला पाहिजे.

पेन्शन असेल तर पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत लावाच. निवृत्त माणसाला नोकरीवरून रजेचं पत्र देता येत नाही, त्या जागी हा कागद उभा राहतो. आयटीआर भरत असाल तर दोन-तीन वर्षांचे.

सातभाई
दुसऱ्या शंकेबद्दल. मुलगी जर्मनीत आहे तर सरळ फेरफ्लिख्टुंग्ज-एर्क्लेरुंग करून घ्या. म्हणजे यजमानाचं कायदेशीर हमीपत्र. मुलीने तिच्या शहरातल्या परदेशी नागरिक कार्यालयात अपॉइंटमेंट घ्यायची, पासपोर्ट, रेसिडेन्स परमिट, भाड्याचा करार, शेवटच्या तीन पगारपावत्या न्यायच्या. फी २९ युरो. मूळ कागद कुरियरने मागवायचा, स्कॅन चालत नाही. ६ महिन्यांपेक्षा जुना नको. हे झालं की वडिलांच्या शिलकीची चिंता उरत नाही.

उंबरठा
@सातभाई, पैशाची चिंता उरत नाही हे खरं. पण या वयात नकार बहुतेक वेळा पैशावरून येत नाही, 'परत जातील का' या शंकेवरून येतो, आणि हमीपत्र त्या शंकेला हातही लावत नाही. उलट फाइलमध्ये फक्त मुलीचेच कागद असले, वडिलांचं स्वतःचं काहीच नसलं, तर चित्र असं दिसतं की इथे यांचं काही उरलेलं नाही. त्यामुळे हमीपत्र असो वा नसो, पेन्शन, घर, शेती, इथे राहणारी दुसरी मुलं हे सगळं आलंच पाहिजे.

शिवाय ती सही हलक्यात घेऊ नये. पाहुण्याच्या आजारपणावर सरकारी पैसा खर्च झाला तर तो वसूल करता येतो, आणि ती जबाबदारी पाच वर्षं राहते. वडिलांची पेन्शन आणि बचत पुरेशी असेल तर खर्च वडिलांचा, मुक्काम मुलीकडे, ही मांडणी सगळ्यात स्वच्छ.

सातभाई
मान्य, परतीचा मुद्दा बरोबर आहे. पण पेन्शन तुटपुंजी असेल तिथे हमीपत्राला पर्याय नाही. ओढूनताणून शिल्लक दाखवण्यापेक्षा ते कितीतरी बरं. आणि मोठ्या शहरात त्या कार्यालयाची तारीख मिळायला आठवडेच्या आठवडे जातात, म्हणून ठरवायचं तर आत्ताच ठरवा.

निशिगंध
हमीपत्र जर्मनीचं झालं. फ्रान्समध्ये नातेवाइकांकडे उतरणार असाल तर नगरपालिकेतून 'अतेस्तासियाँ द आक्यय', म्हणजे पाहुण्यांना घरी ठेवून घेण्याचा दाखला, काढावं लागतं. नेदरलँड्सला हमीचा छापील फॉर्म असतो आणि त्यावरची सही नगरपालिकेकडून साक्षांकित करून घ्यावी लागते. नाव-गाव लिहिलेलं साधं निमंत्रणपत्र या दोन्हीच्या जागी चालत नाही. शिदोरी, तुमच्या बाबतीत पॅरिस-अ‍ॅमस्टरडॅमला हॉटेल आहे असं धरते, मग यातलं काही लागणार नाही.

पण हॉटेलच्या बुकिंगवर आई-वडिलांची नावं आहेत ना, ते बघा! मुलगी स्वतःच्या खात्यातून बुक करते, कागदावर तिचं एकटीचं नाव आणि 'तीन प्रौढ' एवढंच येतं. फाइल आई-वडिलांची, बुकिंग तिसऱ्याच माणसाचं. हॉटेलला संदेश टाकून तिघांची नावं घालून घ्या आणि नवीन प्रत छापा.

पाऊलखूण
नावांचा विषय निघालाच आहे तर सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडच्या नावांच्या पद्धतीमुळे सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात.

आपल्या पासपोर्टवर 'नाव' या रकान्यात बहुतेकदा दोन नावं असतात: सुनंदा वसंत. आडनाव वेगळं: जोशी. आता विम्यावर नुसतं 'सुनंदा जोशी', बँकेत 'सौ. सुनंदा व्ही. जोशी', तिकिटावर 'सुनंदावसंत जोशी'. तिकिटावरचं जोडून आलेलं चालतं, विमान कंपन्यांच्या यंत्रणेत मधली जागा गळते. विमा आणि हॉटेल मात्र पासपोर्टबरहुकूम, अक्षर न अक्षर. बँकेचं नाव थोडं वेगळं असेल तर बँकेकडून पासपोर्टवरच्या नावाने एक दाखला घ्या. फॉर्ममध्ये नवऱ्याचं नाव आडनावाच्या रकान्यात घालू नका. पासपोर्टवर जिथे जे आहे, तिथेच ते.

दुसरं, मुलीशी नातं. लग्नानंतर मुलीचं आडनाव बदललेलं असेल तर वाचणाऱ्याला ही यांचीच मुलगी हे कशावरून कळणार? मुलीच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावं छापलेली असतील तर त्या पानाची प्रत लावा. जन्मदाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या. सातबाऱ्याचंही तेच. डिजिटल सहीचा सातबारा काढा, पण भाषांतर नसेल तर तो त्यांच्यासाठी नुसता कागद.

तिसरं, सही. आईची पासपोर्टवरची सही मराठीत असेल तर फॉर्मवरही मराठीतच करायची. घाईत कुणीतरी 'इंग्रजीत कर' म्हणतं आणि दोन सह्या वेगळ्या होतात.

काजवा
सहीचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद!

गवाक्ष
पाऊलखूण यांच्या प्रतिसादाला जोडून: नवरा-बायको एकत्र जाणार असले तरी फाइली दोन. वडिलांचा बँक उतारा, पीपीओ, आयटीआर यांच्या प्रती आईच्या फाइलमध्येही पूर्ण हव्यात, सोबत विवाह नोंदणी दाखला आणि 'पत्नीचा खर्च मी करणार' असं वडिलांचं सहीचं पत्र. 'पतीची फाइल पाहा' असं लिहून भागत नाही. फाइली वेगळ्या टेबलांवर जाऊ शकतात.

रानवारा
तिकिटाबद्दल कुणी बोललं नाही. व्हिसाआधी पैसे भरून तिकीट काढायची गरज नाही, आरक्षण पुरतं. शंभर-दोनशे रुपयांत पीएनआर (आरक्षणाचा क्रमांक) मिळतो की.

निशिगंध
@रानवारा, पहिलं वाक्य बरोबर, दुसऱ्याला माझा विरोध आहे. आरक्षण खरं हवं. विमान कंपनीच्या साइटवर आडनाव आणि पीएनआर टाकला की दिसलं पाहिजे, आणि निर्णय होईपर्यंत दिसत राहिलं पाहिजे. अशी स्वस्तातली आरक्षणं दोन-तीन दिवसांत आपोआप रद्द होतात. फाइल पाचव्या दिवशी उघडली आणि पीएनआर मेलेला निघाला, तर मग फाइलमधल्या खऱ्या कागदांवरही विश्वास राहत नाही. 'सादर केलेली माहिती विश्वासार्ह नाही' हे नकाराचं कारण फॉर्मवर छापलेलंच असतं.

पैसे परत मिळणारं तिकीट, किंवा विमान कंपनी थोडे पैसे घेऊन ठरावीक दिवस भाडं राखून ठेवते ते. हॉटेलही मोफत रद्द होणारं घ्या, मात्र व्हिसा हातात येण्याआधी रद्द करू नका.

रानवारा
मुदतीचा मुद्दा पटला. सबमिशननंतर निदान तीन आठवडे जिवंत राहील असंच आरक्षण घ्यावं, हे माझ्या वरच्या प्रतिसादात दुरुस्ती म्हणून धरा.

दवबिंदू
विमा: किमान ३०,००० युरोचं कव्हर, सगळ्या शेंगेन देशांत लागू, आजारपणात मायदेशी परत आणण्याचा खर्च धरून. तारखा ९ मे ते २४ जून घ्या. विमान ९च्या रात्री निघतं, आणि परतताना काही तास उशीर झाला तर विमा संपलेला नको.

साठीच्या पुढे खरा प्रश्न जुन्या आजारांचा. व्हिसाच्या अटीत बसणारी पॉलिसी आणि आई-वडिलांच्या उपयोगाची पॉलिसी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक पॉलिसी मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे आधीपासूनचे आजार वगळतात किंवा फक्त जिवावर बेतलं तरच ठरावीक रकमेपर्यंत देतात. ते कलम वाचूनच घ्या, आणि आजार लपवू नका; दावा नाकारायला तेवढं पुरतं. औषधांच्या चिठ्ठीवर डॉक्टरांकडून मूळ घटकाचं नाव लिहून घ्या, इथलं ब्रँडचं नाव तिथल्या औषधवाल्याला कळत नाही.

सातभाई
बायोमेट्रिकचं पण सांगून ठेवतो. दहाही बोटांचे ठसे घेतात. वय झालं की, विशेषतः आयुष्यभर भांडी-धुणं, शेतीकाम केलेल्या हातांच्या रेषा झिजतात, यंत्र दोन-दोनदा नाकारतं. आधीचे आठ दिवस रात्री हाताला खोबरेल किंवा क्रीम लावा, त्या दिवशी मात्र हात कोरडे आणि स्वच्छ. मेंदी नको. एकदा दिलेले ठसे पुढच्या अर्जाला ५९ महिन्यांपर्यंत वापरता येतात.

फोटो ३५ × ४५ मिलिमीटर, चेहरा ७० ते ८० टक्के, पार्श्वभूमी फिकट, ६ महिन्यांच्या आतला. चष्म्यावर चमक आली तर परत काढायला लावतात, चष्मा काढूनच फोटो घ्या.

वाटसरू_७
थोडं अवांतर. एवढे ४५ दिवस आहेत तर पॅरिसहून ट्रेनने लंडन एक दिवस करून यावं का?

गवाक्ष
@वाटसरू_७, नको. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा वेगळा. आणि शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा मिळाला तर लंडनला पाऊल ठेवलं की तो संपला, परत पॅरिसला येता येणार नाही. आयर्लंड आणि सायप्रस युरोपीय संघात आहेत पण शेंगेनमध्ये नाहीत. उलट स्वित्झर्लंड संघात नाही पण शेंगेनमध्ये आहे. सध्या एकूण २९ देश. बल्गेरिया आणि रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले.

वाटसरू_७
बरं झालं विचारलं. आणि अमेरिकेसाठी हीच फाइल चालेल का?

पाऊलखूण
तिथली पद्धतच वेगळी आहे. डीएस-१६० फॉर्म आणि मुलाखत यावर निर्णय, कागद अनेकदा बघतही नाहीत. २१४(बी) कलमाखाली प्रत्येक अर्जदार तिथेच राहायला येतोय असं कायदा गृहीत धरतो आणि तसं नाही हे अर्जदाराने तोंडी पटवायचं. त्यासाठी स्वतंत्र धागा काढा, इथे मिसळू नका.

काजवा
४५ऐवजी सरळ ९० दिवस का मागू नयेत? मिळाले तर मिळाले.

उंबरठा
मागायला बंदी नाही, पण पहिल्याच प्रवासाला ९० दिवस मागितले की प्रत्येक दिवसाचा हिशोब द्यावा लागतो: पैसे, विमा, आणि इतके दिवस इथलं घर कोण बघणार. ज्याचं कारण सांगता येतं तेवढेच दिवस मागा. बाळंतपणासाठी आई जात असेल तर ८०-८५ दिवसही रास्त वाटतात, डॉक्टरांच्या पत्रावर प्रसूतीची अपेक्षित तारीख असली की झालं. मात्र कारण ते असेल तर तेच लिहा. पत्रात 'पर्यटन' आणि हॉटेल एकही नाही, असं नको.

मोजणी कुठल्याही १८० दिवसांत ९० अशी आहे, आणि येण्याचा व जाण्याचा दोन्ही दिवस धरतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस ही सीमेवरच्या येण्या-जाण्याची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. शिक्का पुसट आला, मोजताना चुकलं, अशी सबब आता राहत नाही.

निशिगंध
नकार आला तर काय, हेही असू द्या. छापील फॉर्मवर कारणांपुढे खुणा असतात. 'मुक्कामाचा उद्देश आणि परिस्थिती स्पष्ट नाही' यावर खूण असेल तर कार्यक्रम, बुकिंग, निमंत्रण यांत तफावत आहे. 'निर्वाहाचं साधन' असेल तर बँक. 'परत जाण्याच्या हेतूबद्दल शंका' असेल तर इथले बंध दाखवणारे कागद कमी पडले. तीच फाइल दुसऱ्या आठवड्यात पुन्हा देऊन उपयोग नाही. काय बदललं ते पत्राच्या पहिल्या परिच्छेदात सांगता आलं पाहिजे.

जर्मनीच्या बाबतीत एक बदल लक्षात घ्या. पूर्वी दूतावासाकडेच फेरविचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नवा अर्ज, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद. आणि नकार लपवू नका, व्हीआयएस या शेंगेन देशांच्या सामाईक व्हिसा-नोंदीत ती पाच वर्षं राहते.

शिदोरी
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: खर्च वडिलांचा, मुक्काम मुलीकडे, हमीपत्र नाही. मुलीचं निमंत्रणपत्र, रेसिडेन्स परमिट आणि तिच्या पत्त्याच्या नोंदणीचा दाखला. सातबारा आणि घराचे कागद भाषांतरासकट. आता कव्हर लेटरमध्ये काय लिहू? नमुने दोन-दोन पानांचे आहेत.

पाऊलखूण
एक पान, त्यापेक्षा जास्त नको. पहिला परिच्छेद: कोण, कुठे, कोणत्या तारखा, कशासाठी. दुसरा: खर्च कोणाचा आणि कुठून, पेन्शनचा महिन्याचा आकडा लिहून. तिसरा: परत का येणार. इथे भावनिक लिहू नका. 'मासिक पेन्शन, स्वतःचं घर, शेती, मुलगा येथे राहतो' एवढं पुरे, आणि प्रत्येकापुढे जोडपत्राचा क्रमांक. खाली तारखांचा तक्ता: १० ते १५ मे अ‍ॅमस्टरडॅम, हॉटेल, १६ मेपासून मुलीकडे, असं. त्या तक्त्यातली प्रत्येक तारीख तिकिटाशी, हॉटेलशी, विम्याशी आणि मुलीच्या पत्राशी ताडून बघा. मुलीच्या पत्रात 'दीड महिना माझ्याकडे राहतील' असं असेल तर ते बदलून घ्या, कारण तिच्याकडे ३३च दिवस आहेत. मुलगी मायेने लिहिते, तिकडे मात्र दिवस मोजले जातात.

उंबरठा
पासपोर्ट परत आला की दारातच स्टिकर वाचा. तीन गोष्टी वेगळ्या असतात आणि लोक एकच समजतात. 'पासून-पर्यंत' ही वापरायची मुदत, 'मुक्कामाचे दिवस' हा आत राहण्याचा हक्क, आणि 'प्रवेश' ०१, ०२ किंवा अनेक. तुमच्या तारखांना १५ दिवसांची सवलत धरून ८ जुलैपर्यंतची मुदत छापलेली येऊ शकते, पण दिवस ४५ असतील तर १० मेला आत गेल्यावर २३ जूनला बाहेर पडायचंच. ८ जुलैपर्यंत राहता येतं असं समजून तिकीट पुढे ढकलू नका.

नावाचं स्पेलिंग आणि पासपोर्ट क्रमांकही बघा. चूक असेल तर त्याच दिवशी कळवा.

शिदोरी
पुढच्या वर्षीही जायचं झालं तर अनेक प्रवेशांचा मागता येईल का?

गवाक्ष
भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी १८ एप्रिल २०२४ला नियम सैल झाले आहेत. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नीट वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा, पासपोर्टची मुदत तेवढी असेल तर. म्हणून हा पहिला जपून वापरा आणि पासपोर्ट बदलला तरी जुना फेकू नका. पुढच्या फाइलला स्टिकरच्या पानाची प्रत लागेल.